घोरपडीच्या वाटेवरच्या मशाली

"हे सांगतलं तं कोणी विश्वास नाही ठेवणार. तू तं बिलकुलच नाही ठेवणार, मारोतराव. पण काल दुपारी तीन वाजून दहा मिनटांनी म्या ती घोरपड मारली. एकट्यानं. लाकडाच्या कुदळीनं."

मारोतरावनं बशीतल्या चहावर फुंकर मारली आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "कोणती घोरपड गा? मनीषनगरात कुठून आली घोरपड?"

"कॉम्प्युटरातली."

"हां," तो म्हणाला. "म्हणजे सुरू झाला तू."

सुरू झालो होतो हे खरं. आवाजही चढा लावला होता. मारोतराव खालच्या मजल्यावर राहतो आणि त्याच्या कानात मशीन आहे, त्यामुळं त्याच्याशी ओरडून बोललं तरी कोणी कारण विचारत नाही. खुर्ची मात्र मी मुद्दाम हॉलच्या त्या टोकाला ओढली होती, जिथं पाठ प्रशिकच्या खोलीच्या दाराला टेकते. कौसल्या, माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. सकाळचं ताट. जसं आत गेलं तसंच बाहेर आलेलं. कालची दोन्ही तशीच आली होती, परवाचीही.

प्रशिक माझा नातू, तेवीस वर्षांचा. पुण्याच्या कंपनीत लागला तेव्हा आमच्या कोपऱ्यावर त्याचा फ्लेक्स लागला होता. 'हार्दिक अभिनंदन', आणि खाली चौदा शुभेच्छुकांचे फोटो, त्यात सगळ्यात मोठा मारोतरावचा. पाच महिन्यांनी कंपनीनं एका सकाळी ऐंशी पोरं काढून टाकली. हा स्टेशनवरून घरी आला तेव्हा त्याचा ऑटो त्याच फ्लेक्सखालून वळला. वरून पोरगा हसत होता आणि खालून तोच पोरगा मांडीवर बॅग घेऊन येत होता. आल्या आल्या तो खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दीक्षाभूमीला निघालो. लहानपणी तो तिथं माझ्या खांद्यावर बसून जायचा. दाराआडून म्हणाला, "तुम्ही या जाऊन." त्याचं ते शेवटचं पूर्ण वाक्य. मग नुसतं 'नको', 'ठेवा', 'हं'. डिसेंबरात 'हं'सुद्धा गेलं. आता फेब्रुवारी संपत आला.

त्या दाराला आतून कडी नाही. तो आंघोळीला गेला असताना माझ्या मुलानं, म्हणजे त्याच्या बापानं, प्रेमानंदनं, ती काढून घेतली. चार स्क्रू होते, ते कौसल्यानं हळदीच्या डब्यात लपवले. कडी का काढली यावर घरात कोणी चकार शब्द बोललं नाही. खोलीत पंखा आहे, एवढंच सगळ्यांनी एकदा वर पाहून घेतलं. तेव्हापासून ते दार बोटानं ढकललं तरी उघडेल असं आहे, आणि ताट सरकवण्यापुरतं सोडलं तर अडीच महिने ते बंद आहे. मनाच्या डॉक्टरीणबाई आम्हाला म्हणाल्या होत्या, ढकलू नका, बोलत राहा. पण जेवण सोडलं तर मात्र वाट पाहू नका, घेऊन या. जेवण सोडून आज तिसरा दिवस. संध्याकाळी प्रेमानंद कळमेश्वरहून कामावरून आला की दार ढकलायचं आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून पोराला गाडीत घालायचं, असं ठरलं होतं. एक प्रेमानंद, दुसरा मारोतरावचा मुलगा ऋषिकेश. मारोतराव तेच पक्कं करायला वर आला होता. चहा निमित्ताला.

मी सूत हाताळलेला माणूस. चाळीस वर्षं कामठीत माग चालवला. ओढल्यावर काय होतं ते मला कोणी सांगायला नको.

"मग," मारोतराव म्हणाला, "केवढी होती तुह्यी घोरपड?"

"तोंड इकडं मनीषनगरात, तं शेपूट तिकडं बुटीबोरीत."

"अन् तू लाकडाच्या कुदळीनं मारली."

"टाळूत घातली. तोंड उघडलं तिनं जांभई द्याले."

मी थांबलो. पाठीमागं काही हललं का ते ऐकलं. काही नाही. आतल्या कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर, तीही रोजचीच.

तो गेम मला मोनालीनं शिकवला. मोनाली म्हणजे प्रशिकची धाकटी बहीण. दारातून ताट आत सरकवताना तिला आतल्या पडद्यावर तो गेम दिसला होता. मी म्हणालो, मले बी शिकव. ती हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली आणि स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन आली. मोतीबिंदू काढलेला डोळा पडद्याला चिकटवून मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी उडी मारायला शिकलो.

त्या गेममध्ये दुनिया बाजूनं दिसते, मधोमध कापलेल्या टरबुजासारखी. वर हिरवी साल, तिच्यावर झाडं आणि आभाळ. खाली तळापर्यंत माती नि दगड, आणि बियांच्या जागी पोकळ्या. सगळं चौकोनी घरांचं. एक एक घर खोदायचं, लाकूड तोडायचं, राहायला खोली बांधायची. काय करायचं, कुठं जायचं, कोणी सांगत नाही. अंधारात हाडांचे सापळे चालत येतात, खोल गेलं की लाव्हा, आणि सगळ्यात तळाशी एक काळी घोरपड. ती मेली की म्हणे जमिनीच्या पोटातसुद्धा झाडं उगवायला लागतात. आपण मेलो तर जवळचं सगळं तिथंच पडतं, आणि आपण पुन्हा वर, पहिल्या झाडाखाली, हातात लाकडाची कुदळ घेऊन.

पहिल्या दिवशी मी एकोणीस वेळा मेलो. त्यातल्या चार वेळा झाडावरून पडून, एकदा स्वतःच बांधलेल्या खोलीत दार ठेवायचं विसरून. मोनाली म्हणाली, "आबाजी, इतक्यांदा कोणीच नाही मरत." मी म्हणालो, "मंग लिहून ठेव. साऱ्या नागपुरात मराची एवढी प्रॅक्टिस दुसऱ्या कोणाची नाही." ती हसली नाही. त्या घरात त्या दिवसांत तो शब्द कोणी काढत नव्हतं, आणि मी काढला होता. दोघंही पडद्याकडे बघत बसलो.

एका घरातल्या वायफायवर दोघांना एकाच दुनियेत उतरता येतं. दुनिया प्रशिकची, त्याच्या मशीनवर रात्रंदिवस चालू. मी पाहुणा. पहिल्यांदा उतरलो तेव्हा तो तिथंच होता. दगडी घरात, कोपऱ्यात, लाल टोपीचा बाहुला, डोक्यावर नाव. नुसता उभा. मी माझा बाहुला नेऊन त्याच्या शेजारी उभा केला. तासभर आम्ही तसेच होतो. त्याचे डोळे मिटत होते, उघडत होते. त्या गेममध्ये सगळ्यांचेच तसे होतात. मोनाली उठून गेली. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे तो, आणि पडद्यावर आम्हा दोघांत बोटभर जागा.

तिथं लाकडाच्या पाट्या ठोकता येतात, त्यांवर लिहिता येतं. मी ठोकली: 'जेवला का?' दुसऱ्या दिवशी: 'आजीनं वांग्याचं भरीत केलं.' तिसऱ्या दिवशी: 'मारोतराव जिन्यात पडला, फार लागलं नाही.' मारोतराव पडला नव्हता, पण वाटलं, यावर तरी काही लिहील. सतरा पाट्या झाल्या. एकीलाही उत्तर नाही. घरासमोर पाट्यांची रांग, आणि आत तो डोळे मिटत, उघडत.

मग मी खोदायला लागलो. दुसरं काय करणार? बाकीची पोरं सरळ खाली खोदतात म्हणे, विहिरीसारखं. माझा हात मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या वळणाचा. मी डावीकडून उजवीकडे एक ओळ खोदली, दुनियेच्या काठापर्यंत. मग तिच्याखाली उजवीकडून डावीकडे दुसरी. मग तिसरी. मोनालीनं कपाळावर हात मारून घेतला. "आबाजी, असं विणत बसले तं माह्यं लग्न होऊन जाईन, तुम्ही नाही पोचणार तळाले." मी म्हणालो, "पोचाचं कोणाले आहे वं?" रोज दहा ते एक खोदायचं, मरायचं, पुन्हा खोदायचं. कौसल्या भाजी निवडता निवडता विचारायची, "आज किती वेळा गेले जी?" मी आकडा सांगायचो. बाकी घरात बोलणं राहिलं नव्हतं.

अशीच चव्वेचाळिसावी ओळ चालू होती. दुपारी जरा पडलो, उठून पुन्हा उतरलो, तर माझ्या ओळीत उजेड.

मशाली होत्या. मी लावलेल्या नव्हत्या. मला मशाल बनवता येते, पण मी आपला अंधारात चाचपडत खोदणारा. मी मागावरच्या माणसासारख्या त्या मोजल्या. आठ घरं, मशाल. आठ घरं, मशाल. सगळ्या मागच्या भिंतीला, एकाच उंचीवर, एकही सुटलेली नाही. ओळ संपली तिथून खाली कोणी पायऱ्या खोदल्या होत्या, आणि पायऱ्यांवरही तसंच, आठाला एक. त्या दिवशी तेवीस. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपायचं सोंग करून उठलो, तर अडतीस. आठवडाभरात एकसष्ट. मी उठून कोणाला सांगितलं नाही. कौसल्यालाही नाही. सांगितलं असतं तर ती धावत दाराशी गेली असती.

आणि मग मीच ती चूक केली. मागावर विरलेला धागा दिसला की माग हळू करायचा, हे मी कामठीत कितीक पोरांना शिकवलंय. धागा जुळेपर्यंत हात लावायचा नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. आणि तोच मी, एकसष्टाव्या मशालीखाली पाटी ठोकून बसलो: 'प्रशिक, दिसल्या रे. आता बाहेर ये.'

दुसऱ्या दिवशी एकसष्टच होत्या. तिसऱ्या दिवशीही. लाल टोपीचा बाहुला कोपऱ्यातून नाहीसा झाला. दुनिया चालू होती, तो तेवढा नव्हता. मी पाटी उपटली, खोक्यात टाकली, खोकं लाव्ह्यात टाकलं. काय उपयोग? त्यानं वाचली होती. आणि मग ताटं परत यायला लागली.

एकसष्टाव्या मशालीपुढं कडा आहे, आणि कड्याखाली अंधार. त्यात घोरपड राहते. मी तिला मारलेलं नाही. हे तुम्हाला सांगतो, मारोतरावला नाही. मी तिला धड पाहिलेलंही नाही. अंधारातून एक जीभ येते आणि मी पहिल्या झाडाखाली उभा असतो. गेल्या बारा दिवसांत मी तिथं ब्याण्णव वेळा गेलो. बासष्टावी मशाल मी लावू शकलो असतो. कोळसा होता, काडी होती. लावली नाही. ती जागा माझी नव्हती. म्हणून तसाच अंधारात उतरायचो, मरायचो, वर यायचो आणि मोजत पुन्हा खाली जायचो, की कुठं एखादी वाढली का.

"लाव्हा लागते ना गा मधात?" मारोतरावनं विचारलं. त्याचा नातू हाच गेम खेळतो, त्यामुळं एवढं त्याला ठाऊक. "तो कसा पार केला?"

"पोहलो."

"लाव्ह्यात?"

"कन्हान नदीत पोहलेला माणूस आहे मी. लाव्हा काय, जरा गरम होता."

मी पुन्हा थांबलो. आत काही नाही.

"सापळे आले," मी आवाज आणखी चढवला, "तं मले पाहून हात जोडले त्यायनं. म्हणे, लहानूजी, तुम्ही? बसा. पाणी दिलं, पान दिलं."

"सापळ्यायनं पान दिलं?"

"कलकत्ता पान."

माझी ही सवय घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळ्यात आधी ती प्रशिकला कळली. तो सहा वर्षांचा असल्यापासून आमच्यात एक नियम होता. मी गोष्ट सांगायची, त्यानं मांडीवर बसून ऐकायची, आणि खोटं पकडलं की मोठ्यानं म्हणायचं. त्यानं म्हटलं की गोष्ट तिथंच बंद. मी पुढं एक अक्षर बोलायचं नाही, मग भलेही राक्षस अर्ध्यात अडकलेला असो. 'मी एकटा पाच माग चालवायचो. दोन हातांनी दोन, पायांनी दोन.' 'अन् पाचवा, आबाजी?' 'दातानं.' 'खोटं!' गोष्ट बंद. एक गोष्ट पूर्ण ऐकू दिली नाही पोरानं मला कधी. रागावून म्हणायचो, अरे शेवट तरी ऐकत जा. म्हणायचा, शेवटात तं आणखीनच फेकाल.

मागचे तीन महिने मी दाराशी बसून रोज फेकत होतो. अंबाझरी तलावात मगर पाहिली. धंतोलीच्या डॉक्टरनं माझा डोळा काढून उलटा बसवला, म्हणून मला मागचं दिसतं. एकही पकडली गेली नाही.

"पुरे करा ना जी आता," कौसल्या दारातून म्हणाली. तिचा आवाज बरा नव्हता. "त्यायले संध्याकाळचं बोलू द्या. ऋषिकेश किती वाजता येते, भाऊजी?"

"सहाले येतो म्हणाला," मारोतरावनं बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं आणि मग दाराकडे. त्यानंही आवाज लहान केला, म्हणजे त्याच्या मानानं लहान. "गाडी खालीच लावतो म्हणे, गेटापाशी. आपण काही पोराले मारून नाही राहिलो, वहिनी. धरून न्याचं, बस. लहानू, तू तेव्हा खाली येऊन बस माह्या घरी. तुह्याच्यानं पाहवणार नाही."

कौसल्यानं ताट टेबलावर ठेवलं नाही. तसंच धरून राहिली, भाताची शितं वाळलेली.

"तो फ्लेक्स म्याच लावला होता ना गा," मारोतराव पुटपुटला. "काढाले गेलो तं पोरं म्हणे, काका, चौकट चांगली आहे, राहू द्या, वाढदिवसाले कामी येईन."

मला दिसत होतं की सहा वाजतील, दार बोटानं उघडेल, आणि दोन भली माणसं आत जातील. नंतर तो घरी परत येईलही, जेवेलही, पण त्या दुनियेत पुन्हा मशाल लावायला तो माझ्यासाठी उतरायचा नाही. मी एकदा पाटी ठोकली होती, आता सगळं घर मिळून ठोकणार होतं. माझ्याजवळचे मोठमोठे खोटे संपले होते. लाव्हा झाला, सापळे झाले, बुटीबोरी झाली.

"बरं, एक सांग," मारोतराव उगाच म्हणाला, माझं तोंड बघून, विषय बदलायला. "तळाशी तं काळोख राहते. माह्या नातवाले तिथं काही दिसतच नाही. तुले दिसली कशी घोरपड? त्या उलट्या डोळ्यानं?"

मी खुर्चीत मागं सरकलो. डोकं दाराला टेकलं.

"मशाली होत्या ना," मी म्हणालो. माझा आवाज मला मुद्दाम चढवावा लागला. "साऱ्या रस्त्यानं. वरून थेट कड्यापर्यंत."

"कोणी लावल्या?"

"म्या. कोण लावणार? म्याच लावल्या साऱ्या."

आतल्या कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर चालू होती.

"किती असन?"

"पन्नासेक. आपलं अंदाजानं. दर दहा घरावर एक, जमिनीत रोवून."

खुर्चीचं चाक फरशीवर सरकावं तसं काहीतरी वाजलं. कौसल्यानं माझ्याकडे पाहिलं. मारोतरावला ते ऐकू आलं नाही.

"दहा घरावर?" तो म्हणाला. "मंग तं मधात अंधार पडत असन."

"पडते ना. अन् काही सुटल्या बी मधातल्या. काही खाली लागल्या, काही वर. घाईत लावल्या गा, वाकड्यातिकड्या. काय एवढं त्यात, कोणीबी लावन तशा—"

"आठ."

आवाज घोगरा होता, पुष्कळ दिवस बंद असलेल्या नळातून पाणी येण्याआधी येतो तसा. कौसल्याच्या ताटातला चमचा वाजला. मारोतराव कानातल्या मशीनला हात लावून तसाच थांबला.

"दर आठ घरावर आहेत. मागच्या भिंतीले. अन् एकसष्ट आहेत, एकबी सुटली नाही." मग दाराच्या अगदी जवळून, माझ्या डोक्यामागून: "तुम्ही एकबी नाही लावली, आबाजी. काहून खोटं बोलून राहिले?"